एका दाराचा रंग आणि ६७९ मालक: बर्लिनच्या ब्रित्स उपनगरातील नालाकृती वसाहतीचा प्रकरण अभ्यास

बर्लिनच्या दक्षिण भागात, नॉयकोल्न या प्रशासकीय विभागाच्या हद्दीत, ब्रित्स नावाचे उपनगर आहे. भुयारी रेल्वेच्या सातव्या मार्गावरील पार्शिमर आले या स्थानकावर उतरून फ्रित्स रॉयटर आले या रस्त्याने थोडे चालले की तीन मजल्यांची एक लांबलचक पांढरी इमारत दिसते. ती सरळ न जाता घोड्याच्या नालेसारखी वळत जाते. नालेची लांबी सुमारे ३५० मीटर आहे, तिच्या पोटात हिमयुगापासून राहिलेले एक तळे आहे आणि तिला हुबेहूब सारखे असे २५ जिने आहेत. या नालेमुळेच वसाहतीला हुफआयझेनझीडलुंग, म्हणजे नालाकृती वसाहत, हे नाव पडले. नाल हा वसाहतीचा चेहरा असला तरी तिच्या मागे आणि आजूबाजूला रो-हाउसच्या कितीतरी रांगा आहेत. वसाहतीत एकूण १,२८५ सदनिका आणि ६७९ रो-हाउस आहेत.

प्रस्तुत अभ्यासाचा विषय नाल नसून ही ६७९ घरे आहेत. बांधल्यापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती एकाच गृहनिर्माण कंपनीच्या मालकीची होती. २००० सालाच्या आसपास, भाडेकरू बदलेल तसतशी, ती सुटी सुटी विकली जाऊ लागली. संपूर्ण वसाहत त्यापूर्वीच संरक्षित वास्तूंच्या यादीत आलेली होती आणि २००८ साली ती जागतिक वारसा ठरली. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. जिचे मोल तिच्या अखंडपणात आहे, अशी रचना शेकडो स्वतंत्र मालकांच्या हाती गेली आणि त्यातील प्रत्येकाच्या हाती त्या रचनेचा एक सातशेवा हिस्सा आला. तो जपण्याची कायदेशीर जबाबदारीही खरेदीखताबरोबरच आली, परंतु ती कशी पार पाडायची याची माहिती मात्र बहुतेकांजवळ नव्हती.

वसाहत कशी उभी राहिली

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये लाखाहून अधिक घरांची तूट होती. कष्टकऱ्यांची बहुसंख्य कुटुंबे भाड्याच्या बराकवजा इमारतींमध्ये, एकामागे एक असलेल्या अंधाऱ्या चौकांभोवती राहत होती. १९२० साली आजूबाजूची गावे आणि नगरे सामावून घेऊन बृहद्बर्लिन अस्तित्वात आले आणि ब्रित्स शहराचा भाग झाले. तेथील जुन्या जमीनदारी मिळकतीची जमीन शहराने १९२४ साली घेतली. पैशाचा प्रश्न त्याच वर्षी लागू झालेल्या घरव्याज कराने सोडवला. महागाईच्या भडक्यात युद्धपूर्व इमारतींवरील गहाणकर्जे जवळजवळ कवडीमोल झाली होती, म्हणजे घरमालकांना घरबसल्या कर्जमाफी मिळाली होती. या आयत्या लाभावर सरकारने कर बसवला आणि त्यातून नव्या घरांना स्वस्त कर्जे दिली. जुन्या घरांच्या नफ्यावर नवी घरे उभी करण्याची ही युक्ती नसती, तर या वसाहतीचा आराखडा कागदावरच राहिला असता.

बांधकाम गेहाग या कंपनीकडे होते. १९२४ साली कामगार संघटनांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या कंपनीमागची प्रेरणा नगररचनाकार मार्टिन वाग्नर यांची होती आणि तिचे प्रमुख वास्तुरचनाकार होते ब्रुनो टाउट. १९२५ ते १९३० या काळात सहा टप्प्यांत वसाहत पूर्ण झाली. खर्च कमी ठेवण्यासाठी घरांचे मोजकेच नमुने ठरवले गेले आणि तेच पुन्हा पुन्हा वापरले गेले. खोदकामाला यंत्रे आणि सामान वाहायला सरकते पट्टे वापरून बांधकामाची जागा कारखान्यासारखी चालवली गेली. बागांचे नियोजन उद्यानरचनाकार लेबेरेख्ट मिग्गे आणि नॉयकोल्नचे उद्यानप्रमुख ओटोकार वाग्लर यांनी केले. मिग्गे यांच्या दृष्टीने बाग ही घराची उघड्यावरची खोली होती आणि भाजीपाला व फळे पिकवण्याची जागाही होती. म्हणून रो-हाउसला केवळ शोभेचा हिरवा तुकडा न देता खरीखुरी परसबाग दिली गेली.

नमुने मोजके, मग कंटाळवाणेपणा कसा टाळायचा? या प्रश्नाला टाउट यांचे उत्तर रंग हे होते. १९१९ साली रंगीत बांधकामाचे जाहीर आवाहन करणाऱ्यांमध्ये ते होते. त्याही आधी, १९१३ ते १९१६ दरम्यान, त्यांनी बर्लिनच्या फाल्केनबर्ग येथे जी उद्यानवसाहत बांधली तिला लोक रंगपेटी म्हणत. पुढे माग्देबुर्गचे नगररचनाकार असताना त्यांनी तिथल्या जुन्या घरांनाही भडक रंग दिले. ब्रित्समध्ये गर्द तांबडा, पिवळा, पांढरा आणि निळा हे रंग भिंतींवर आले. दारे-खिडक्यांच्या चौकटी, पल्ले आणि त्यांवरच्या पट्ट्या दोन-दोन, तीन-तीन रंगांत रंगल्या. रंगाला विटेइतका किंवा दगडाइतका खर्च येत नाही. त्यामुळे गरिबाच्या घराला शोभा द्यायची तर ती रंगानेच देता येते, असा त्यामागचा साधा हिशेब होता. परंतु टाउट यांच्या लेखी रंग हा वरून चढवलेला साज नव्हता. तो जागा मांडण्याचे साधन होता. रांग कुठे सुरू होते, कुठे संपते, कोपऱ्यावरचे घर पुढे का आले आहे, रस्ता कुठे आक्रसतो आणि कुठे मोकळा होतो, हे सारे रंग सांगतो. एका रांगेतील एका मालकाने आपल्या घराला वेगळा रंग दिला, तर त्या घरापुरते काही बिघडत नाही. रांग मात्र तुटते.

फ्रित्स रॉयटर आलेवर वसाहतीची बाजू सांभाळणारी जी तांबडी, तीन मजली इमारतींची ओळ आहे, तिला त्या काळी लाल आघाडी असे नाव मिळाले. काहींनी तिला चिनी भिंतही म्हटले. दोन्ही नावांत कौतुकापेक्षा टोमणा अधिक होता. रस्त्याच्या पलीकडे, जवळजवळ त्याच वर्षांत, दुसऱ्या कंपनीने एंगेलमान आणि फांगमायर या रचनाकारांकडून उतरत्या कौलारू छपरांची, जुन्या वळणाची वसाहत बांधून घेतली. सपाट छत की उतरते छत, हा तेव्हाच्या जर्मनीत निव्वळ पाणी वाहून जाण्याचा प्रश्न नव्हता. त्यात राजकारण होते. आज त्या रस्त्यावर उभे राहिले की एका बाजूला एक भूमिका आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, असे दोन्ही पक्ष आमनेसामने दिसतात.

रस्त्यांची नावे फ्रित्स रॉयटर या एकोणिसाव्या शतकातील लेखकाच्या साहित्यातून घेतली आहेत. हा लेखक उत्तर जर्मनीच्या बोलीत लिहीत असे. नालेच्या मागील, समभुज चौकोनासारख्या रुंद रस्त्याचे नाव ह्यूझुंग असे आहे. त्या बोलीत ह्यूझुंग म्हणजे राहायला हक्काचे छप्पर, आणि ज्या दीर्घ कवितेतून हा शब्द आला ती असे छप्पर नाकारल्या गेलेल्या शेतमजुरांबद्दल आहे. नाव देणाऱ्यांना हे ठाऊक होते. तरीही येथे प्रत्यक्षात राहायला आले ते बहुतांशी कुशल कारागीर, कारकून आणि सरकारी नोकर. अगदी तळातल्या मजुराला नव्या घराचे भाडे परवडण्यासारखे नव्हते.

नोंद आणि कायदा

जर्मनीत वास्तुसंरक्षण हा केंद्राचा विषय नाही. सोळा राज्यांचे सोळा कायदे आहेत, आणि बर्लिन हे शहर असले तरी स्वतः एक राज्य असल्याने त्याचाही स्वतंत्र कायदा आहे. ब्रित्सच्या वसाहतीला पश्चिम बर्लिनच्या काळात, १९८६ साली, संरक्षण मिळाले. सध्याचा कायदा १९९५ सालचा आहे. त्याच्या दोन तरतुदी या प्रकरणात निर्णायक ठरतात.

पहिली तरतूद अशी की, संरक्षण यादीतील नोंदीमुळे निर्माण होत नाही. ऐतिहासिक, कलात्मक, शास्त्रीय किंवा नगररचनेच्या दृष्टीने जिचे जतन लोकहिताचे आहे, अशी वास्तू कायद्यानेच संरक्षित असते. यादी त्या वस्तुस्थितीची केवळ माहिती देते. म्हणून यादीत माझ्या घराच्या या भागाचा उल्लेख नव्हता, ही सबब मालकाला फारशी उपयोगी पडत नाही. दुसरी तरतूद समूहाविषयी आहे. अनेक इमारती, त्यांच्यातील रस्ते आणि मोकळ्या जागा मिळून एकच संरक्षित वास्तू मानता येते, मग त्यातील प्रत्येक भाग सुट्याने पाहिला असता साधा का असेना. ब्रित्समधील एखादे रो-हाउस उचलून दुसरीकडे ठेवले, तर त्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. त्याचे मोल रांगेत आहे. कायद्याने हे ओळखले आहे, आणि पुढील सगळी गुंतागुंतही त्यातूनच सुरू होते.

ऐतिहासिक या शब्दाला येथे केवळ वास्तुशैलीचा अर्थ नाही, हेही नमूद करायला हवे. कवी आणि अराज्यवादी एरिश म्यूझाम या वसाहतीत राहत होते. राइशस्टाग या संसदभवनाला लागलेल्या आगीनंतरच्या पहाटे, २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, त्यांना अटक झाली आणि जुलै १९३४ मध्ये ओरानिएनबुर्ग येथील छळछावणीत त्यांची हत्या झाली. गेहाग कंपनी नाझींच्या कामगार संघटनेने ताब्यात घेतली. टाउट जर्मनी सोडून गेले आणि जपानमार्गे तुर्कस्तानात पोहोचले, जिथे १९३८ साली इस्तंबूलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वाग्नर यांनाही देशांतर करावे लागले. वसाहत बांधणाऱ्यांपैकी प्रमुख दोघेही ती जपण्यासाठी तेथे उरले नाहीत.

संरक्षित वास्तूत बदल करायचा तर अर्ज विभागीय पातळीवरील वारसा कार्यालयाकडे जातो. बर्लिनच्या बारा विभागांपैकी प्रत्येकाचे असे कार्यालय आहे आणि ब्रित्ससाठी ते नॉयकोल्नचे आहे. ते निर्णय देते, परंतु राज्याच्या वारसा खात्याशी एकमत करून. एकमत झाले नाही तर विषय वरच्या पातळीवर जातो. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. मात्र ती आखताना डोळ्यासमोर एखादा चर्च, एखादा वाडा, एखादी गिरणी आणि तिचा एक मालक असावा, असे वाटते. एकाच वास्तूचे शेकडो मालक, आणि त्यातल्या प्रत्येकाची दर काही वर्षांनी एखादी छोटी दुरुस्ती, हा तिचा नेहमीचा प्रसंग नव्हे.

विक्री

बर्लिन राज्याने १९९८ साली गेहागमधील आपला बहुतांश हिस्सा विकला. जर्मनीच्या एकीकरणानंतर शहराची तिजोरी रिकामी होती आणि सार्वजनिक गृहनिर्माण कंपन्या हाच विकण्याजोगा मोठा ऐवज होता. नव्या मालकांनी रो-हाउस सुटी विकायला सुरुवात केली. सदनिका मात्र कंपनीकडेच राहिल्या. २००७ साली गेहाग डॉयचे वोनेन या कंपनीत सामील झाली आणि २०२१ साली डॉयचे वोनेन स्वतःच वोनोव्हिया या आणखी मोठ्या गृहनिर्माण कंपनीच्या ताब्यात गेली.

विकणे बेकायदेशीर नव्हते. वारसा कायदा वास्तूचे रूप जपतो, मालकी कोणाची असावी हे सांगत नाही. पण मालकी एकाच हाती होती तेव्हा जतनाची यंत्रणाही आपोआप एकच होती. १९८०च्या दशकात वसाहतीचे पद्धतशीर पुनरुज्जीवन सुरू झाले, तेव्हा वास्तुरचनाकार विनफ्रीड ब्रेन्ने आणि हेल्गे पित्स यांनी भिंतींवरचे रंगाचे थर एकेक करून खरवडून टाउट यांच्या मूळ छटा शोधल्या होत्या. रंगारी एक, रंगाचा पुरवठा एक आणि नकाशांची कपाटेही एकाच कार्यालयात, अशी तेव्हाची स्थिती होती. घर विकले गेले की नव्या मालकाला किल्ली मिळते, खरेदीखत मिळते, पण ते कपाट मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. मालकीची वाटणी झाली, माहितीची झाली नाही.

अशा वसाहतीचे नुकसान एका फटक्यात होत नाही. वादळात किंवा बॉम्बहल्ल्यात इमारत कोसळली तर सर्वांना दिसते. येथे मात्र एकाने लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसवली, दुसऱ्याने बांधकाम साहित्याच्या मोठ्या दुकानातून तयार दार आणले, तिसऱ्याने पुढच्या अंगणातील झुडपांचे कुंपण काढून तेथे गाडी उभी करायला फरशी घातली. यात कोणीच वाईट हेतूने वागत नाही. प्रत्येकाला आपले घर नीटनेटके करायचे असते. पंधरा-वीस वर्षांनी पाहावे तर रांग उरलेली नसते, नुसती एकमेकांना चिकटलेली घरे उरतात.

घरागणिक नोंदवही

२००७ साली रहिवाशांनी आणि हितचिंतकांनी मिळून वसाहतीची एक संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, क्वेबेक येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ३२व्या अधिवेशनात बर्लिनमधील सहा आधुनिक वसाहतींना एकत्रित मान्यता मिळाली आणि ब्रित्स त्यांपैकी एक होती. उरलेल्या पाच म्हणजे फाल्केनबर्ग, शिलरपार्क, कार्ल लेगिएन, वाइस स्टाड्ट आणि सीमेन्सस्टाड्ट. २०१० साली ब्रित्सची वसाहत संरक्षित उद्यान म्हणूनही नोंदली गेली. याचा अर्थ असा की, आता घरच नव्हे, तर परसातले कुंपण, पायवाट आणि झाडांची मांडणीही त्या कक्षेत आली.

संघटनेने वारसा खात्याच्या सहकार्याने केलेले सर्वात उपयुक्त काम मात्र या मोठ्या मानसन्मानांपुढे अगदी साधे वाटावे असे आहे. २०१० साली त्यांनी या ६७९ रो-हाउसची, घर आणि बाग दोन्ही धरून, एक माहितीसंचिका इंटरनेटवर मालकांसाठी उपलब्ध केली. आपल्या रस्त्याचे नाव आणि घर क्रमांक दिला की त्या घराचा नमुना कोणता, दार कोणत्या प्रकारचे, त्याच्या रंगांची जुळणी काय, खिडकीची विभागणी कशी, गिलावा गुळगुळीत की खरबरीत, बाग मुळात कशी आखली होती, हे सारे एका ठिकाणी पाहायला मिळते.

वरवर पाहता ही केवळ कारकुनी आहे. परंतु तिने अर्जाची दिशाच फिरवली. पूर्वी मालक कार्यालयात जाऊन विचारत असे की, मी काय करू शकतो? उत्तर मिळायला वेळ लागे, तज्ज्ञ बोलवावा लागे, आणि अनेकदा मालक तोवर थांबत नसे. आता तो उत्तर घेऊनच कार्यालयात जाऊ शकतो. नियम बदलला नाही, नियम पाळण्याचा खर्च कमी झाला. आणि माझा अनुभव असा की, लोक नियम मोडतात ते बहुधा नियमाला विरोध म्हणून नव्हे, तर तो पाळायचा कसा हे विचारत फिरण्याचा कंटाळा म्हणून.

एक दार

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका काल्पनिक परंतु प्रातिनिधिक उदाहरणावरून पाहू. समजा, तांबड्या रांगेतील एका घराचे लाकडी दार खालच्या बाजूने कुजले आहे. ते मूळचे आहे, पण त्यावर निदान पाच-सहा वेळा रंग चढला आहे आणि वरचा थर करड्या रंगाचा आहे, जो त्या दाराच्या मूळ रंगयोजनेत नव्हता. सुताराचे म्हणणे पडते की, नवे दार बसवणे दुरुस्तीपेक्षा सोपे आहे.

मालक संचिकेत आपले घर शोधतो. दाराचा नमुना मिळतो, रंगांची जुळणी मिळते. चौकट एका रंगाची, पल्ला दुसऱ्या रंगाचा आणि काच बसवलेल्या पट्टीला तिसरा रंग असे निघते. शेजारच्या दाराची जुळणी याहून वेगळी असू शकते, आणि ती तशी वेगळी असणे हाही मूळ योजनेचाच भाग आहे. तेव्हा शेजाऱ्याकडे पाहून रंग ठरवला तर चूक होण्याचाच संभव अधिक. ही गोष्ट संचिकेशिवाय कोणाच्या ध्यानात येणार?

वारसा कार्यालयाचा कल शक्यतो मूळ लाकूड टिकवण्याकडे असतो. कुजलेला खालचा भाग कापून तेवढ्यापुरते त्याच जातीचे लाकूड जोडावे, ते शक्यच नसेल तर मूळ मापाबरहुकूम नवे दार करावे, अशी त्यांची सर्वसाधारण भूमिका असते. कुशल सुताराची मजुरी तयार दाराच्या किमतीपेक्षा बरीच जास्त होते, यात वाद नाही. येथे प्राप्तिकर कायदा मदतीला येतो. संरक्षित घरात स्वतः राहणाऱ्या मालकाला कलम १० एफनुसार जतनासाठी केलेल्या खर्चाच्या ९ टक्के रक्कम दरवर्षी याप्रमाणे १० वर्षे करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. घर भाड्याने दिलेले असेल तर कलम ७ आय लागू होते, ज्यात पहिली ८ वर्षे ९ टक्के आणि पुढची ४ वर्षे ७ टक्के, म्हणजे एकूण सगळाच खर्च, वजा होतो. अट एकच आणि ती कडक आहे: काम सुरू होण्यापूर्वीच ते कार्यालयाशी ठरवलेले असले पाहिजे, आणि झाल्यावर तसा दाखला घेतला पाहिजे. आधी दार बसवून मग दाखला मागणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

या सवलतीत एक खोच आहे, ती नजरेआड करू नये. वजावट उत्पन्नातून होते. ज्याचे उत्पन्न जास्त, त्याचा करदर जास्त, म्हणून त्याला फायदाही जास्त. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आणि नाममात्र कर भरणाऱ्या मालकाला तेच दार खऱ्या अर्थाने महाग पडते. एकेकाळी कामगार संघटनांनी बांधलेल्या वसाहतीत जतनाचे अनुदान वरच्या उत्पन्नगटाकडे झुकावे, हे कोणाच्या मनात असेल असे नाही, पण कलमाची रचनाच तशी आहे.

जे नोंदीत येत नाही

केंद्र सरकारने २००९ ते २०१४ या काळात जागतिक वारसास्थळांसाठी एक विशेष गुंतवणूक कार्यक्रम राबवला आणि बर्लिनच्या वसाहतींनाही त्याचा लाभ झाला. २०१२ साली नालेच्या टोकाशी, एकेकाळी दुकानासाठी असलेल्या जागेत, माहिती केंद्र आणि कॅफे सुरू झाले. एका रो-हाउसची आतली बाजूही मूळ रंगांसह आणि त्या काळच्या सामानासह पूर्ववत करून ते पाहुण्यांना राहण्यासाठी दिले जाऊ लागले, आणि त्या कामाला २०१३ साली युरोपा नोस्त्रा हा वारसा-जतनासाठीचा युरोपीय पुरस्कार मिळाला. तांबड्या, पिवळ्या, निळ्या खोल्यांत एक रात्र काढली की टाउट यांचे रंग केवळ बाहेरून पाहण्यासाठी नव्हते, हे उमगते.

हे सर्व कौतुकास्पद आहे, पण त्यात एक उणीव राहते आणि ती वारसा कार्यालयाच्या आवाक्याबाहेरची आहे. युनेस्कोने या वसाहतींना मान्यता दिली ती सामाजिक गृहनिर्माणाचा आदर्श म्हणून. हवा, उजेड, बाग आणि न्हाणीघर हे श्रीमंतांपुरते न ठेवता भाडेकरूंपर्यंत पोहोचवण्याचा तो प्रयत्न होता. कायद्याने त्यातला गिलावा जपला, चौकट जपली, कुंपण जपले. भाडे जपले नाही, कारण ते जपण्यासाठी तो कायदा झालेलाच नव्हता. विकल्या गेलेल्या घराचा भाव बाजार ठरवतो, आणि जागतिक वारसा ही पाटी भाव उतरवत नाही. नालेतल्या आणि लाल आघाडीतल्या सदनिकांत राहणारे भाडेकरू तर या संपूर्ण व्यवस्थेत अर्जदारही नसतात. रंग, खिडक्या, दुरुस्ती यांचा पत्रव्यवहार कंपनी आणि कार्यालय यांच्यात होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनच्या मतदारांनी मोठ्या खासगी गृहनिर्माण कंपन्यांच्या सदनिका सार्वजनिक मालकीत घ्याव्यात या प्रस्तावाला बहुमताने कौल दिला, आणि त्या मोहिमेच्या नावातच डॉयचे वोनेनचा उल्लेख होता. तो कौल बंधनकारक नव्हता. वारसा आणि मालकी हे दोन प्रश्न शहरात एकाच वेळी, पण वेगवेगळ्या टेबलांवर चर्चिले जात आहेत.

भिंत, छत आणि उष्णता

सध्या वादाची धार दाराच्या रंगाला नसून घर उबदार ठेवण्याला आहे. १९२०च्या दशकातील बाहेरच्या भिंतींतून उष्णता निसटते. सर्वात सोपा उपाय म्हणजे बाहेरून उष्णतारोधक जाड थर चढवून त्यावर नवा गिलावा करणे. पण तसे केले की खिडक्या खोल कोनाड्यात गेल्यासारख्या दिसतात, छपराची पुढे आलेली कड आखूड होते आणि गिलाव्याचा मूळ पोत कायमचा झाकला जातो. रांगेतल्या एकाच घराला तो थर दिला, तर ते शेजाऱ्यांच्या पुढे काही सेंटिमीटर येऊन उभे राहते, आणि इतक्याशा फरकानेही रांगेची सरळ रेघ मोडते. केंद्राच्या इमारत ऊर्जा कायद्याने कलम १०५ अन्वये संरक्षित वास्तूंना सवलत दिली आहे: अटी पाळल्याने वास्तूचे द्रव्य किंवा रूप बिघडणार असेल तर त्या अटी सोडता येतात. परंतु सवलतीमुळे घर गरम होत नाही आणि इंधनाचे बिलही कमी येत नाही.

त्यामुळे तोडगे बारीकसारीक ठिकाणी शोधावे लागतात. पोटमाळ्याच्या जमिनीवर आणि तळघराच्या छताला खालून रोधक थर देता येतो, कारण तो रस्त्यावरून दिसत नाही. दुहेरी पल्ल्यांच्या जुन्या लाकडी खिडकीत बाहेरचा पल्ला तसाच ठेवून आतल्या पल्ल्यात सुधारित काच बसवता येते. दोन पल्ल्यांमधील हवेची पोकळी हेच मुळात चांगले आवरण असते, फक्त फटी बुजवलेल्या हव्यात. प्लास्टिकची नवी खिडकी विकणारा माणूस हे सांगत नाही.

सौर पट्ट्यांचे गणित अधिक अवघड आहे. २०२३ पासून लागू झालेल्या बर्लिनच्या सौर कायद्याने छपराच्या मोठ्या दुरुस्तीबरोबर पट्ट्या बसवणे सर्वसाधारणपणे बंधनकारक केले आहे, वारसा वास्तूंना त्यातून सूट मिळू शकते, आणि त्याच वेळी केंद्राच्या कायद्याने नूतनक्षम ऊर्जेला अत्युच्च लोकहिताचा दर्जा दिला आहे. दोन लोकहिते समोरासमोर आली की निर्णय प्रत्येक छपरागणिक घ्यावा लागतो: उतार कोणत्या दिशेला, रस्त्यावरून किती दिसतो, कौलांच्या रंगाशी पट्टी जुळते का.

आणि मग उष्णता पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घर गरम करणारे यंत्र. त्याचा बाहेरचा पंखा कुठेतरी ठेवावा लागतो. पुढच्या अंगणात ठेवला तर रांगेच्या दर्शनी बाजूला एक पत्र्याचे खोके येते. भिंतीला टांगला तर गिलाव्यात बोल्ट शिरतात आणि सामाईक भिंतीतून शेजाऱ्याला घरघर ऐकू येते. मागे परसात ठेवायचा तर ती बाग २०१० पासून स्वतःच संरक्षित आहे, आणि मिग्गे यांच्या आखणीत त्या कोपऱ्यात फळझाड दाखवलेले असू शकते. मालक पुन्हा संचिका उघडतो, घर क्रमांक टाकतो आणि दाराच्या पानावरून बागेच्या पानावर जातो.